टाक्यांवरच्या गाठीचा तो फोटो

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी कायम थट्टाच केली. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण राग जास्त आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे निपाणीचे, आता बेंगळुरूत एचएसआर लेआउटला. मुलीच्या वेळच्या सिझेरियनच्या टाक्यांवर दोन वर्षांनी गाठ आली. पाळीत ती सुजायची, जांभळी पडायची, रक्तही यायचं. माझा सख्खा भाऊ, अण्णा, बेळगावात सर्जन — मग दुसरीकडे कशाला जायचं? पण पाळीच्या दिवसांत भावाला पोटाचा फोटो कसा पाठवणार! आई म्हणायची, "चार दिवस होऊ देत, मग पाठव." तोवर गाठ शांत. अण्णाचं उत्तर ठरलेलं, "टाक्यातला धागा असेल गं. मनाला लावून घेऊ नकोस." गोळ्या गिळत तीन वर्षं काढली मी.

शेवटी शेजारच्या मंजुळाक्का वैतागल्या. "बास झालं आता तुझ्या अण्णाचं. चल!" म्हणत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न — "पाळीतला फोटो आहे?" नाही म्हटलं. निदान जुने दाखवावेत म्हणून अण्णाचं चॅट उघडून वर सरकवत गेले... आणि एका फोटोवर थांबले.

आठ महिन्यांपूर्वीचा फोटो. सकाळी अकरा चाळीस. आमचं बाथरूम. गाठ काळीनिळी, रक्ताचा ओघळ... आणि कुर्ता वर धरलेले माझे दोन्ही हात! तो दिवस मला पक्का आठवतो. नवरा मुलीच्या गॅदरिंगला गेला होता, दुखण्यापायी मी एकटीच घरी. दाराला आतून कडी, फोन हॉलमध्ये चार्जिंगला. मी पाठवलेला नाही हो, शपथेवर सांगते.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला. "गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी टाक्यात रुजल्यात, त्यांनाही दर महिन्याला रक्त येतं." सोनोग्राफी झाली, गाठ आजूबाजूच्या भागासकट काढली, तपासणीत तेच निघालं — एंडोमेट्रिओसिस. आता दुखत नाही.

पण त्या फोटोखाली दोन निळ्या टिक्स होत्या. अण्णाला फोन लावला. "बघितला होतास तू?"

तो म्हणाला, "बघितला. कळलंही होतं. पण बहिणीशी पाळीचं कसं बोलायचं... वाटलं, दाखवशील तू कुठंतरी."

"अरे, त्यानंतरही तू मला धागाच सांगत होतास की!" मी रडत ओरडले, फोन आपटला.

फोटो कुणी काढला, आजही कळलेलं नाही. नवऱ्याला विचारलं, मोबाइलवाल्याला दाखवलं, तोही डोकं खाजवत बसला. खरं तर मला त्या फोटोची भीती वाटायला हवी... नाही वाटत. ज्यानं कुणी काढला, त्याला माझी कणव आली असणार. अण्णाचा फोन मात्र मी उचलत नाही.