पापडांच्या ओव्हनमधले होम रन

‘के, हा बॉल हुंगून बघ,’ बर्ट म्हणाला.

मी हुंगला. हिंगाचा वास येत होता.

‘काल समोरच्या पिचरने अंपायरकडे तक्रार केली. अंपायरनेही हुंगला. रूलबुकात वासाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून सुटलो. काय आहे हे?’

‘पापड,’ मी म्हणालो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॅनडात, हॅमिल्टनमधल्या एका फाउंड्रीत केमिस्ट होतो; आडनाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून सगळ्यांचा ‘के’. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. साचे वाळूचे असतात. वाळूत पाणी जास्त राहिलं, तर तप्त लोखंड पडताच त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ फुगे राहतात. म्हणून रोज वाळूचा नमुना ओव्हनमध्ये वाळवायचा, आधीचं आणि नंतरचं वजन बघायचं आणि पाणी किती होतं ते सांगायचं. एवढ्यासाठी मी एम.एस्सी. झालो होतो.

लॅबमध्ये मंद आचेचा एक जुना ओव्हन पडून होता. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंगलने, टोरांटोहून आणलेल्या उडदाच्या डाळीचे पापड लाटले होते आणि तळ्याकाठच्या दमट हवेत ते वाळायचं नाव घेत नव्हते. मी ते उघडपणे लॅबमध्ये आणून त्या ओव्हनमध्ये ठेवले. त्याच सुमारास बर्टने विचारलं, बॉल ठेवायला कोरडी जागा आहे का? बर्ट आमचा फोरमन आणि कंपनीच्या बेसबॉल टीमचा कोच. टीमचे बॉल कारखान्याच्या बेसमेंटमध्ये असायचे. त्यांना बुरशी आली होती आणि ते चिंब फडक्यासारखे जड झाले होते. ओलं काही दिसलं की वाळत घालायचं, हे आपल्या हाडातच असतं. पापडांच्या खालच्या कप्प्यात मी बॉल वाळत घातले.

आणि होम रन सुरू झाले. पिचरने, म्हणजे आपल्या भाषेत बॉलरने, टाकलेला बॉल फटक्यासरशी थेट मैदानाच्या कुंपणापार गेला की होम रन, आपला सिक्सर म्हणा. आमच्या टीमला एरवी तो सठीसामाशी मिळायचा. त्या उन्हाळ्यात नुसता धडाका लागला. सीझन संपायच्या आतच कारखान्यांच्या लीगमधला होम रनचा रेकॉर्ड मोडला.

आमचे प्लांट मॅनेजर हॅरिसनसाहेब हवेत तरंगू लागले. हिवाळ्यात त्यांनी टोरांटोहून एक कन्सल्टंट आणला होता. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव ‘विनिंग ॲटिट्यूड’. रोज शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून स्वतःचं यश बघायचं. वितळलेल्या लोखंडाशेजारी डोळे मिटून उभं राहायला खरंच ॲटिट्यूड लागतो. साहेबांनी हेड ऑफिसला जाऊन भाषण ठोकलं, की होम रन हा प्रोग्रॅमचा पुरावा आहे. परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं.

‘मिस्टर के, प्रोग्रॅमला परमनंट डिपार्टमेंट करतोय. तुमची लॅबची खोली लागेल. वाळूचं टेस्टिंग बाहेरून करून घेऊ.’

‘आणि मी, सर?’

‘पॉझिटिव्ह राहा.’

मंगलला सातवा महिना होता. घाबरलो, हे सरळच सांगतो. नव्या देशात, नव्या घरात, नोकरी जायची ती एका डोळे मिटण्यापायी! संतापही झाला.

त्या शनिवारी पहिल्यांदाच मी मॅच बघायला गेलो. आमच्या पोरांनी होम रन मारले, लोक नाचले. मग समोरच्या टीमची बॅटिंग आली. त्यांनी आमच्याहून जास्त मारले! बॉल तर तेच, आमच्या ओव्हनमधले. आम्ही हरलो.

‘बर्ट, लीगमध्ये आपण कितवे?’

‘शेवटून पहिले,’ बर्ट म्हणाला. ‘पण रेकॉर्ड आपला आहे.’

‘आणि दुसऱ्यांच्या मैदानावर?’

‘तिथे बॉल त्यांचे असतात. तिथे ह्या वर्षी आपला एकही होम रन नाही.’

लॅबमध्ये ह्याला कंट्रोल म्हणतात. एखाद्या गोष्टीचा परिणाम बघायचा, तर ती गोष्ट न केलेला एक नमुना शेजारी ठेवावा लागतो. इथे तो कंट्रोल अख्खा उन्हाळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. डोळे मिटलेले होते, एवढंच.

सोमवारी मी दोन बॉल घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेलो. एक बेसमेंटमधला, एक ओव्हनमधला. दोन्ही डोक्याएवढ्या उंचीवरून सोडले. बेसमेंटमधला बद्दकन पडला आणि जेमतेम उसळला. ओव्हनमधला टणकन उसळून त्यांच्या टेबलाखाली पळाला.

साहेबांनी वाकून तो काढला. हुंगलाही.

‘दोन्ही टीम ह्याच बॉलने खेळतात?’

‘हो सर.’

‘म्हणून आपण हरतो?’

‘हरतो ते पिचिंगमुळे, सर. इतक्या धावा देऊन हरतो ते ओव्हनमुळे.’

त्यांनी उठून दार लावलं. ‘म्हणजे प्रोग्रॅमचा काही उपयोग नाही?’

‘होम रनला तरी नाही. कंट्रोल बघा, सर. दुसऱ्यांच्या मैदानावर, त्यांच्या बॉलने, आपला एकही नाही.’

त्यांनी बॉल ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, ‘मी हेड ऑफिसला सांगून आलोय, की पुढच्या वर्षी ह्याहून जास्त होतील. हा ओव्हन कोण चालवतं?’

‘मी.’

‘मग लॅब कुठेही जाणार नाही. तुम्हीही नाही. आणि मिस्टर के, हा कंट्रोल का काय तो, तो आपल्या दोघांतच राहू द्या.’

लॅब राहिली. दारावर नवी पाटी आली: ‘विनिंग ॲटिट्यूड, टेक्निकल सेक्शन’. कन्सल्टंटला वरच्या मजल्यावर खोली मिळाली. वर्षअखेरच्या डिनरला त्याला ट्रॉफी आणि मला ‘बेस्ट ॲटिट्यूड’ची ढाल दिली.

घरी मंगलने ती उलटसुलट करून बघितली. ‘अहो, ही वाळूसाठी दिली का?’

‘नाही. बॉल वाळवल्याबद्दल.’

‘मग माझ्या पापडांनी काय घोडं मारलं होतं?’

शिकायचं म्हणाल तर एवढंच. कंट्रोल ठेवावा, आणि निष्कर्ष घेऊन साहेबांकडे जाण्याआधी त्यांनी वर काय सांगून ठेवलंय तेही विचारून घ्यावं. मी पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. माझ्या वाळूच्या टेस्टमुळे किती कास्टिंग वाचली, हे कधी कुणी विचारलं नाही. ओव्हन बिघडला, की मात्र तासाभरात मेकॅनिक हजर व्हायचा.