तिखीच्या पानांचा बेरम

महिपत न्हावी दाढी झाली की तुरटीचा खडा गालावरून फिरवी, मग फडताळातून बाटली काढी आणि तिच्यातला एक थेंब आधी स्वतःच्या जिभेवर ठेवी. क्षणभर थांबे. मगच तळहातावर थोडं घेऊन गिऱ्हाइकाच्या गालांना चोळी. नवखा माणूस चमके. आमचे चिंतामणराव वकील तर दर खेपेला विचारीत, "झाला का तुझा नैवेद्य दाखवून?" महिपत नुसता हसे. त्या थेंबामागची हकीकत त्यानं मला फार वर्षांनी सांगितली. उरलेली त्याच्या बायकोनं, सोनूबाईनं सांगितली.

तरुणपणी महिपत मुंबईत फोर्टातल्या एका सलूनात होता. तिथे साहेबांच्या गालांना बे रम लावत. वेस्ट इंडीजच्या बेटांवर एक झाड असतं, त्याची पानं रममध्ये घालून काढलेला तो अर्क. वस्तऱ्याची आग शमते, जखम चिघळत नाही आणि वासानं माणूस प्रसन्न होतो. महिपत त्याला बेरम म्हणे. वडील थकले म्हणून तो रत्नागिरीला परतला आणि रामआळीच्या टोकाला खुर्ची मांडून बसला. पण त्या वासाची त्याला चुटपुट लागली होती. एकदा रानातून येताना त्यानं तिखीचं पान चुरगाळून हुंगलं. रानच्या दालचिनीच्या या पानाला आम्ही तिखी म्हणतो, मटणाच्या रश्शात ते घालतात. वास अगदी तोच नव्हता, पण जवळचा होता. सावलीत वाळवलेली तिखीची पानं, लवंगा, संत्र्याची साल आणि गुत्त्यावरची माडाची दारू असं सगळं तो बरणीत मुरवी आणि फडक्यातून गाळी. झाला महिपतचा बेरम.

सोनूबाई सुईण होती. रत्नागिरीपासून पालीपर्यंतच्या वाड्यांत तिला बोलावणं येई. बाळंतिणीला थंडी भरली तर कढत पाण्यात चमचाभर दारू घालून देण्याची रीत होती, आणि सोनूबाई त्यासाठी घरचा बेरमच नेई. त्यात पोटात जाऊ नये असं काहीच नव्हतं. तिचा एक नेम होता. बाळंतिणीला जे पाजायचं, त्यातला पहिला चमचा सासूच्या देखत आपण घ्यायचा. सुईणीनं काहीबाही पाजलं असं मागाहून कुणी म्हणू नये म्हणून.

सत्याग्रहाचं तीस साल उजाडलं आणि दारूच्या गुत्त्यांसमोर खादीचे स्वयंसेवक उभे राहू लागले. ते हात जोडून येणाऱ्याला परत फिरवीत. त्यांतले निम्मे महिपतची गिऱ्हाइकं. बाटली घेऊन त्यांच्यासमोरून जायचा त्याला धीर होईना. बेरम संपत आला. तेव्हा त्यानं रावजी सुताराकडून लाकडाच्या पॉलिशला लागतं ते स्पिरिट आणलं. रावजीनं देताना बजावलं होतं, "अंगाला चोळ हवं तर. पण पोटात जाता कामा नये. बंदरावरच्या एका खलाशानं घोटभर घेतलं, त्याचे डोळे गेले. दुसरा मेलाच."

महिपतनं तिखी आणि लवंगा दुप्पट घातल्या, म्हणजे पॉलिशचा वास कुणाला कळू नये. कुणाला सांगितलंही नाही. पॉलिश गालाला लावतो असं बाहेर फुटलं तर दुकानात कोण येणार? घरातही तो बोलला नाही. बरणी चुलीजवळच्या उबेला ठेवली, एवढंच.

पौषातल्या एका सकाळी तो घरी आरशापुढे बसून स्वतःची दाढी करत होता. पहाटेच पालीहून गाडी आली होती. मुंबईला गिरणीत असणाऱ्या केरूची बायको हौसा अडली होती, आणि सोनूबाई गेली होती. एका गालावरचा साबण पुसून महिपतनं चुलीकडे पाहिलं. बरणी अर्धी रिकामी होती. सोनूबाईची छोटी बाटली खुंटीवर नव्हती.

तो तसाच बाहेर पडला.

पालीकडची सर्व्हिस मोटार सुटून गेली होती. तो चालू लागला, जमेल तिथे पळाला. वाटेत त्याला सारखा तिचा तो नेम आठवत होता. पहिला चमचा सोनूबाईचा, दुसरा हौसाचा. एक मेली की दोघी, एवढाच हिशेब डोक्यात होता. आणि दोघी गेल्या तरी लोक म्हणणार सुईणीनं मारलं. हातखंब्याला पाणी मागायला थांबला तर एका म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "कोण गेलं रे?" एक गाल तासलेला, दुसऱ्यावर खुंट आणि वाळका साबण. महिपत पाणी न पिताच पुढे निघाला.

पुढे एका बैलगाडीवाल्यानं त्याला घेतलं. केरूचं घर दिसलं तेव्हा अंगणात माणसं मुकाट बसलेली होती आणि परड्यातून धूर वर जात होता. महिपत गाडीतून उतरला आणि तिथेच धोंड्यावर बसला. धूर न्हाणीच्या चुलीचा होता, हे त्याला उमगलं नाही.

पायरीवर सोनूबाई बसली होती. डोळ्यांवर पदर धरला होता.

तो कसाबसा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिनं पदर खाली घेतला. डोळे लाल होते. तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"ह्या काय?" ती म्हणाली. "अर्धीच दाढी करून आलात?"

महिपत तिच्या पायांशी बसला. खोलीतल्या शेगडीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरत होते, इतकंच. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. मग त्यानं सगळं सांगितलं.

"हौसा थरथरत होती," सोनूबाई म्हणाली. "सासू म्हणाली, दे लवकर. चमचा तिच्या ओठाला लागला होता. मग आठवलं, माझा चमचा राहिला." तिनं तो मागे घेऊन आपल्या जिभेला लावला. रॉकेलसारखं काहीतरी चरचरलं. तिनं थुंकून टाकलं, बाटली उकिरड्यावर ओतली आणि हौसाला ओव्याचा काढा दिला.

थुंकलं तरी किती आत गेलं असेल, हे कुणाला ठाऊक? पुढचे काही दिवस महिपत दुकानातून मधेच घरी येई आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला तिच्यापुढे ठेवी. ती बोटांनी खडा उचलेपर्यंत तो श्वास रोखून उभा राही. एका दुपारी तिनं सूप खाली ठेवलं. "दिसतंय मला," ती म्हणाली. "तुमचे हात कापतात, तेपण दिसतंय."

दुसऱ्या दिवशी तो भर उन्हात गुत्त्यावर गेला. स्वयंसेवकांनी हात जोडले. त्यांतल्या एकाची दाढी त्यानं सकाळीच केली होती. त्या पोरानं विचारलं, "महिपतदादा, तुम्हीसुद्धा?"

"मला प्यायची नाही," महिपत म्हणाला. "पण चुकून कुणी प्यायलंच, तर मरू नये अशी हवी."

पोरं हसली नाहीत, बाजूलाही झाली नाहीत. तो त्यांच्यामधून वाट काढत आत गेला. काही गिऱ्हाइकं त्यानंतर तुटली, ती तुटलीच. उरलेल्यांच्या गालांना बेरम लावण्याआधी तो स्वतःच्या जिभेवर थेंब ठेवी, आणि त्या क्षणभरात त्याचा दुसरा हात खुर्चीची पाठ घट्ट धरून असे.