बॅटरीवरचा राउटर

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, मांडवगणला एकट्याच असतात. गुडघे गेलेत, मोबाइलवरचं दिसत नाही. म्हणून त्यांच्या उशाशी इंटरनेटवर चालणारा साधा फोन ठेवला. वाजला की उचलायचा, बास. मी यवतहून सकाळ-संध्याकाळ लावते.

तिकडं लाइट गेली की सगळा गाव बटणं बंद करतो. परत येताना व्होल्टेज जादा येतं, मोटारी जळतात. राउटर बाहेरच्या खोलीत. त्याचं बटण बंद करायला गेल्या आन् उंबऱ्यात पडल्या आक्का. म्हणून आम्ही राउटर आन् फोनला इंटरनेटशी जोडणारी डबी बॅटरीवर टाकली. जादा व्होल्टेजची भीती नाही, उठायचं कामच नको!

तवापासून लाइट जाऊन आली की फोन लागेना. घाबरून शेजारणीला धाडलं, तर आक्का टीव्हीवर इंटरनेटचंच कीर्तन बघत बसलेल्या. शेजारणीच्या मोबाइलवरून मलाच म्हणाल्या, "मेले वाटलं व्हय गं तुला?"

टीव्हीला इंटरनेट मिळतं आन् फोनला नाही, हे कसं? मांडवगणला जाऊन बसले, व्हिडिओ बघून बघून शोधलं. गावात लाइट गेली की लाइन तुटते. जोडली की घराला इंटरनेटवरचा नवा पत्ता मिळतो. टीव्ही नव्यानं मागणी करतो, ती नव्या पत्त्यानं जाते. पण फोनची डबी सारखी हाका मारत राहते, त्यामुळं राउटर तिची जुनी नोंद काही पुसत नाही, जुन्याच पत्त्यानं पाठवत राहतो. उत्तर मग येणार कुठून? पूर्वी लाइटीबरोबर राउटरही बंद पडायचा, सगळं विसरून ताजा सुरू व्हायचा. आमच्या बॅटरीनं त्याला विसरूच दिलं नाही.

राउटर बंद करून लावला. मोबाइलवरून लावून बघितला, फोन खणखणला.

"बॅटरी काढते, आक्का. लाइट आली की फोन आपोआप लागंल. राउटर जळला तर जळू दे, तुम्ही बटणाला हात लावू नका."

"आन् लाइट नसताना पडले तर?"

बॅटरी काढली.

परवा फोन बराच वेळ लागतच नव्हता, मग लागला. "लाइट कवाच आली," आक्का धापा टाकत म्हणाल्या, "बटण लावाय गेले व्हते."

म्हंजी सवयीनं बंद केलंच होतं. आता फोन वाजतो तवा त्या उंबरा ओलांडून आलेल्या असतात. वाजत नाही तवा लाइट नाही की आक्का उंबऱ्यात, ते मला इथं बसून कळत नाही.