आत्याच्या घरातला माशांचा वास

आत्या चोरून मासे खाते, ही बातमी जिन्याने तिन्ही मजल्यांवर पोचली होती. पोचवणारी अर्थातच वरची शेजारीण. "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात," म्हणत ती नाक चिमटीत धरायची. "पण वास लपतो का गं?"

वास खरा होता, मासे खोटे. लहानपणी बादलीत तडफडणारा मासा पाहिला, तेव्हापासून आत्याने माशाचा तुकडा तोंडाला लावलेला नव्हता. वास होता जवसाच्या तेलाचा. आत्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करते. बाटली विसरायला नको म्हणून तिने ती इस्त्रीशेजारच्या फळीवर ठेवली. त्या उबेने तेल खवट झालं, आणि ही बया औषधाला चव थोडीच असते म्हणून रोज नाक दाबून चमचा घशाखाली ढकलत होती. घरी येताना बाटली पिशवीत, आणि वास जिन्यात.

हा खटाटोप कशासाठी? रक्ताच्या तपासणीत ओमेगा-३ कमी निघालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मासे खा." आत्या म्हणाली, "ते सोडून काहीही सांगा." मग तेल, वर मूठभर जवस. दुसऱ्या तपासणीत आकडा जागचा हलला नाही. आत्याचा चेहराच उतरला. आता मासा गळ्यात मारणार, या धास्तीने ती खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"म्हणजे बघा ताई," डॉक्टरीणबाईंचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं. "हे तेल खवट झालंय, आधी फेका. जवस दळून खा, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. आणि म्हणजे बघा, जवसातलं ओमेगा-३ शरीराला माशातल्यासारखं घडवून घ्यावं लागतं. मुळात घडतं थोडंच. त्यात तुमचं स्वयंपाकाचं तेल कुठलं?"

"सूर्यफुलाचं. बटाटे, वांगी, सगळं तळूनच. एकटीला पटकन होतं."

"त्यात ओमेगा-६ भरपूर. दोन्हींना घडवणारी यंत्रणा एकच. म्हणजे बघा, ज्याची गर्दी जास्त..."

"हॉटेलच्या चादरी!" आत्या ओरडली.

"काय?"

"अहो, इस्त्री एकच. हॉटेलच्या चादरींचा डोंगर आला की गिऱ्हाइकांचे शर्ट टोपलीच्या तळाशी. मालक म्हणतो, आधी ढीग संपव. शर्टवाला दारात बोंबलतोय!"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की 'म्हणजे बघा' म्हणायचं विसरल्या.

घरी आल्यावर आत्याने तळण्याची कढई माळ्यावर टाकली. भाज्या वाफवल्या, तेल बेताचं केलं, जवस थोडे थोडे दळून फ्रिजमध्ये ठेवले. बटाट्याकडे पाहून मात्र उसासे टाकायची. "चादरी कमी, शर्ट पुढे," असं स्वतःलाच बजावायची.

"आत्या, आकडा केसभरही हलणार नाही," भाची म्हणाली. दिवसभर सगळ्यांच्या नकला करणारी ही कार्टी. आत्या तिला 'टेप' म्हणते. "लाव पैज!"

"लावली. हरलीस तर शेजारणीची नक्कल शेजारणीसमोर करायची."

तिसऱ्या तपासणीचा कागद डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला. "म्हणजे बघा, वाढलाय. अगदी थोडा. एवढ्याने भागणार नाही, पण मासा नको. शेवाळापासून केलेल्या तेलाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. जवस मात्र सोडू नका."

"शेवाळ तडफडत नाही ना?" आत्याने विचारलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

भाचीने "थोडा म्हणजे धरत नाही" करून पाहिलं. आत्या म्हणाली, "केसभर म्हणाली होतीस. केस मोजू का?"

संध्याकाळी जिन्यात, तिन्ही मजल्यांच्या उघड्या दारांसमोर, नाक चिमटीत धरून "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात" म्हणणारी ती टेप म्हणजे मीच. शेजारीण म्हणाली, "माझा आवाज काही असा नाही." त्याच आवाजात.