येळवस विसरलेला मास्तर

नांदेडच्या स्टँडवर उदगीरची गाडी लागली आणि चढायला मारामारी झाली नाही, हे नवलच होतं. एरवी या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागते. त्या दिवशी मी ऐटीत तीन खिडक्या बदलून पाहिल्या आणि चौथीला बसलो. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, पण रिकाम्या गाडीचं साधं गणित मला सुटलं नाही.

आमचा नांदेडमधला मुक्काम संपत आला होता. दोन दिवसांनी आम्ही दोघं बडोद्याला मुलाकडे कायमचे निघणार होतो. सामान बांधून झालं होतं आणि मी त्या बांधलेल्या सामानावर बसून उसासे टाकत होतो. बायको म्हणाली, "उदगीरला एकदा जाऊन या. मन्मथ भावजींना भेटल्याशिवाय निघालात तर तिकडे रोज माझं डोकं खाल." पस्तीस वर्षांच्या संसारात तिचं म्हणणं मी पहिल्या फटक्यात ऐकल्याचे प्रसंग थोडे, हा त्यातला एक.

मन्मथ हा उदगीरचा भुसार व्यापारी. मी त्या गावात एकोणीस वर्षं हायस्कुलात मास्तर होतो आणि त्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. गाव त्याला अप्पा म्हणायचं, मी मन्मथ. तो मला मास्तर म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. मग उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचं ओझं उतरलं म्हणून बाकीचे खूश होते, पण मन्मथला उदगीरच जिल्हा व्हायला हवा होता. त्यासाठी तो निवेदनं घेऊन कुठे कुठे फिरून आला होता. एका संध्याकाळी त्याच्या दुकानात दहा-बारा माणसं बसलेली असताना मी बोलून गेलो, "अप्पा, जिल्हा मागायला निघालात, आधी नळाला पाणी तरी मागा!" दुकान हसलं. पुढे आठ दिवस गावभर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लहानपणापासून सांगण्यात येत होतं. त्या दिवशी ते सिद्ध झालं.

मन्मथ भांडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "मास्तर, तुमचं वर्तमानपत्र आलंय." तुमचं! त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झालो. महिन्याभरात माझी नांदेडला बदली झाली, निरोपाला त्याने हारही घातला, पण "सांभाळून राहा, पत्र पाठवा" असं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला. मी पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. माझ्यासाठी या प्रवासाचं कारण एवढंच होतं: बडोद्याला जाण्याआधी त्याच्या तोंडून एकदा 'अरे' ऐकायचं.

कंधार मागे पडलं आणि दुष्काळ खिडकीत येऊन बसला. पौष तोंडावर आलेला, या दिवसांत ज्वारी डोक्याएवढी असायची, करडईच्या काट्यांनी धोतरं फाटायची. यंदा परतीचा पाऊससुद्धा फिरकला नव्हता. नांगरून ठेवलेली काळी रानं तशीच पडली होती. एका वाडीच्या फाट्यावर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती बायका, घागरी आणि भांडणं अशी सगळी गर्दी. तरीही वाटेत मला एक गंमत दिसली. त्या उघड्या रानांतून माणसं चालली होती. नवे कपडे, डोक्यावर टोपल्या, बायकांच्या डोक्यांवर घोंगडीत गुंडाळलेली मडकी. मला वाटलं, कुठेतरी लग्न असेल.

जळकोटला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरने विचारलं, "उदगीरला आज काय काम काढलं?"

"जुन्या मित्रांना भेटायचंय."

तो माझ्याकडे पाहून हसला. "भेटतेल की. चालायची सवय हाय न्हवं?"

या वाक्याचा अर्थ मला अकरा वाजता उदगीरला उतरल्यावर कळला. स्टँडवर चहाची टपरी बंद. मोंढ्यातला धान्यबाजार बंद. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं चारी पाय ताणून झोपलेलं, आणि त्याला हटकायला एक सायकल नाही. मी मन्मथच्या दुकानापर्यंत गेलो. दाराला हातभर कुलूप. शेजारच्या घराला कुलूप. समोरच्याला कुलूप. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्या बोळात उभा राहिलो आणि मनात नाही नाही ते आलं. पाण्यापायी गाव उठून गेलं की काय!

तेवढ्यात बोळाच्या टोकाला कुणीतरी कडी लावत असल्याचा आवाज आला. रहीमभाई टेलर! माझ्या सगळ्या पँटी याच माणसाने शिवल्या आणि सगळ्या कमरेत सैल शिवल्या, म्हणायचा, "सर, आगे काम आयेगी." त्याचं भविष्य खरं झालं होतं.

"रहीमभाई, गाव कुठे गेलं?"

त्याने वळून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि मला मिठी मारायच्या आधी हसायलाच सुरुवात केली. "या अल्ला! सर, येळवशीला उदगीरला येऊन कुलपं बघून राहिले तुम्ही? एकोनीस वर्सं आंबील पेले आन् येळवस इसरले?"

येळवस (वेळा अमावस्या)! मी कपाळावर हात मारला. लातूर-उदगीर-निलंग्याकडचा हा सण. त्या दिवशी घरात चूल पेटली तरी जेवण घरात होत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत (खोपटात) पाच पांडवांचे दगड मांडून पूजा होते, आणि मग भज्जी (ओल्या दाण्यांची आणि पाल्याची मिसळभाजी), बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आवतणं असतात. जिल्ह्याचं लातूरसुद्धा त्या दिवशी ओस पडतं म्हणतात. पाच वर्षं नांदेडला काय राहिलो, दिनदर्शिकेतली अमावस्या मला नुसती अमावस्या दिसायला लागली होती. मला माझी खरोखर लाज वाटली.

"मन्मथच्या शेतावर चला," मी म्हणालो. "पाचची शेवटची गाडी आहे."

रहीमभाई गंभीर झाला. "अप्पानं यंदा कुनालाच आवतन दिलं न्हाई, सर. दरसाली दोनशे पान उठायचं त्याच्या रानात. यंदा हिरीत पानी न्हाई, रानात काडी न्हाई. म्हनला, मान्सं बोलवून ढेकळं दाखवू का? मियाबिवी दोघंच गेलेत पूजेला."

"आणि माझं नाव काढतो का कधी?"

"नाव न्हाई काढत," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पन तुमच्या खोल्या भाड्यानं दिल्या न्हाईत अजून."

एवढं पुरे होतं. त्याने सायकल काढली आणि साठीकडे झुकलेले आम्ही दोघं डबलसीट निघालो. शेत गावापासून कोसभर. पण येळवशीच्या दिवशी कोसभर जाणं सोपं नसतं. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं हा त्या दिवसाचा कायदा. शेतकऱ्याने हाक चुकवायची नाही आणि वाटसरूने ती मोडायची नाही. पहिल्याच शेतातून एक आजीबाई पदर सावरत आडव्या आल्या.

"ओ बाबा, कुठं निघाले? जेवून जावा."

"आजी, घाई आहे, पुढे जायचंय."

"घाईनं जा की. बसून घाईनं जेवा!"

रहीमभाईने सायकल केव्हाच आडवी टाकली होती. त्यांच्याही रानात पीक नव्हतं. भज्जीतली भाजी, तुरीचे दाणे, चिंच, सगळं बाजारातून आणलेलं. "यंदाची भज्जी कर्नाटकातून आलीया," आजीबाई हसत म्हणाल्या, "पन आंबील घरची हाय." अंबाडीचा, हरभऱ्याचा, लसणीचा तो आंबट-तिखट वास नाकात गेला आणि माझी घाई विरघळली. दुसऱ्या शेतात खीर झाली, तिसऱ्या शेतात उंडे. चौथ्या शेताजवळ बाभळीच्या काट्याने सायकल पंक्चर झाली, ते बरंच झालं म्हणायचं, कारण आमचा भार ओढायची ताकद रहीमभाईत उरली नव्हती. पुढे सायकल ढकलत, ढेकर देत आम्ही दोन वाजता मन्मथच्या बांधाला लागलो.

लांबूनच दिसला. सदरा पांढरा, गळ्यात लिंगाचं करडगं (चांदीची डबी), केस पूर्ण पिकलेले. छोटीशी कोप होती, तिच्यापुढे तो आणि महादेवी वहिनी बसले होते. आजूबाजूला दहा एकर काळी ढेकळं. आम्हाला पाहिलं त्याने. पाहून मान फिरवली आणि पूजेच्या दिव्याची वात उगीचच सारखी करायला लागला.

"आता?" रहीमभाईने हळूच विचारलं.

"आता काय, बांधावरून चालायचं," मी म्हणालो. "कायदा आहे."

आम्ही बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. हाक नाही. परत फिरलो. मी मोठ्याने खाकरलो. हाक नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, ते मला स्पष्ट दिसत होतं. पण हाक मालकाने मारायची असते, म्हणून त्याही गप्प. मला वाटलं, हा माणूस सणाचा नेम मोडेल पण मला बोलावणार नाही, आणि मग बडोद्याला जाऊन मी करू काय? तिसऱ्या फेरीला त्याने दिवा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"या. जेवून जा."

'या' म्हणाला. 'ये' नाही. पण आम्ही खाली उतरलो. वहिनींनी पाय धुवायला पेलाभर पाणी दिलं. त्या पेल्याकडे पाहून मला माझाच नळाचा टोमणा आठवला. मी वेळ न घालवता बोलून टाकलं, "मन्मथ, त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलं माझं. तुझ्या कष्टांची चेष्टा केली मी. माफ कर."

त्याने पत्रावळ मांडली. भज्जी वाढली. मग म्हणाला, "चुकलं कुठं? तुमचं खरंच निघालं, मास्तर. नळाला पंधरा दिवसांत एकडाव पानी येतंय."

तीन शेतांचं जेवण पोटात असून मी ती भज्जी मुकाट खाल्ली, आणि खरं सांगतो, तशी भज्जी दुसऱ्या कुठल्याही शेतात नव्हती.

जेवणानंतर शेताला फेरी घालायची असते. मडक्यातली आंबील पिकावर शिंपडत, "ओलगे, ओलगे, सालम पोलगे" असं ओरडत पळायचं. या शब्दांचा अर्थ मला एकोणीस वर्षांत कुणी सांगू शकलं नाही; कानडीतून आलेत, एवढं सगळे सांगतात. वहिनी मडकं घेऊन उभ्या राहिल्या. मन्मथ बसूनच राहिला.

"पीक न्हाई. कशावर शिपडू?"

"रान हाय की," वहिनी म्हणाल्या.

"लोक हसतेल."

"हसू द्या की," मी म्हणालो आणि मडकं वहिनींच्या हातातून घेतलं. मला हसं करून घ्यायची सवय होती. "ओलगे, ओलगे!" असा आवाज लावून मी ढेकळांतून पळत सुटलो. पोटात चार शेतांची खीर-भज्जी डुचमळत होती, आंबील माझ्याच सदऱ्यावर उडत होती, आणि मागून रहीमभाई "सालम पोलगे!" करत येत होता. शेजारच्या शेतातली पोरंबाळं, बायामाणसं बांधावर येऊन टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्या वळणावर माझा पाय ढेकळात गेला आणि मी मडकं छातीशी धरून लटपटलो.

"अरे ए मास्तर!" मागून आवाज आला. "पडशील ना! हाडं मोडून घेतोस का म्हातारपनी? आन् मडकं आन इकडं, तुला पळायला येतंय का आंबील शिपडायला?"

अरे. पडशील. तुला! मी ढेकळावर बसलो आणि हसायला लागलो, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मन्मथने मडकं घेतलं, धोतराचा सोगा खोचला, आणि जमिनीच्या त्या कोरड्या तुकड्याला पुरी फेरी घातली. ओरडत, शिंपडत, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. परत आला तेव्हा धापा टाकत होता आणि पाच वर्षांपूर्वी हसायचा तसा हसत होता.

मग काय बोलणं झालं आणि काय नाही! कोणाची मुलगी कुठे दिली, माझी मुलं काय करतात, रहीमभाईने कुणाचा कोट उलटा शिवला. पेढे तिघांनी तिथेच जवळजवळ संपवले. वहिनींच्या वाट्याला दोन उरले म्हणून त्यांनी आम्हा तिघांनाही फैलावर घेतलं. मग मी मन्मथला बडोद्याचं सांगितलं. "तिकडं ज्वारी मिळती का?" एवढंच त्याने विचारलं.

पाचच्या गाडीला मन्मथ आणि रहीमभाई मला पोचवायला आले. गाडी सुरू व्हायला थोडा वेळ होता, म्हणून मी वही काढली. "तुझा पत्ता नीट लिहून घेतो," म्हणालो. दुकानाचं नाव, मोंढा रोड, असं लिहीत खाली आलो आणि माझ्या डोक्यात त्याला खूश करायची कल्पना आली. मी ठळक अक्षरांत लिहिलं: मु. पो. उदगीर, जि. उदगीर. आणि वही त्याच्यासमोर धरली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"येडा हाईस का, मास्तर? तुझं पत्र कुठं हिंडत बसंल?" आणि त्याने 'जि. उदगीर' आडव्या रेघेने खोडून त्याच्या व्यापारी, वळणदार अक्षरात शेजारी लिहिलं: जि. लातूर.

रहीमभाईने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कंडक्टरने घंटा मारली.

नांदेडला पोचेपर्यंत मी ती वही तीनदा उघडली. बाहेर उघडी रानं काळी पडत गेली, दुष्काळ होता तिथेच होता, आणि परवा मला हा मुलूख सोडायचा होता; तरी मी गाडीत एकटाच हसत होतो आणि शेजारचा माणूस सरकून बसला होता. गाव सोडताना आपण काय काय बरोबर न्यायचं ते ठरवत बसतो. मला वाटतं, मागे राहणाऱ्या माणसाने काय सोडलं तेही बघावं. ज्या दोन शब्दांसाठी मन्मथ सरकारपुढे वाकला नाही, माझ्याशी पाच वर्षं बोलला नाही, ते त्याने स्वतःच्या हाताने खोडले होते. माझं पत्र त्याला हवं होतं.