परत यायची तालीम

सत्यभामाच्या जयाला ऐकू येत नव्हतं. दीड वर्षाची असताना ती मोठ्या तापातून उठली, आणि त्यानंतर मागून कितीही हाक मारली तरी मान वळवेना. घाटंजीपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. सत्यभामा निंदायला, कापूस वेचायला जाई. नवरा नागोराव घाटंजीच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला. छप्पन साली दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा देवऋषी सुटला, नवस सुटले. पण पोरीसाठी नवसाच्या जागी काय करायचं, हे सांगणारं कोणी भेटत नव्हतं.

भेटल्या त्या दवाखान्यातल्या नर्स विमलताई. तोवर जया आठ वर्षांची झाली होती.

"नागपुरात अशा मुलांच्या दोन शाळा आहेत," त्या म्हणाल्या. "मुलं तिथंच राहतात. उन्हाळ्यात नवीन मुलांचा दीड महिन्याचा वर्ग असतो. त्यात मूल टिकलं तर जूनपासून घेतात, नाही तर परत पाठवतात. आणि एवढं ध्यानात ठेवा, सत्यभामाबाई, आठाच्या पुढचं नवीन मूल ते घेत नाहीत. हा उन्हाळा गेला की संपलं."

होळी झाल्यावर जयाला रुक्माबाईकडे ठेवून नवराबायको नागपूरला शाळा पाहायला गेले. रुक्माबाई म्हणजे सत्यभामाची थोरली बहीण, ती घाटंजीतच राहायची.

पहिल्या शाळेची इमारत दगडी, लांबरुंद. वर्गात मुलं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. बाई एकेकाचा हात आपल्या गळ्याला लावून त्याच्याकडून अक्षर म्हणवून घेत होत्या. एकानं शेजारच्याला बोटानं काही खुणावलं, तर त्याच्या हातावर पट्टी बसली. "खुणा केल्या की जीभ आळशी होते," बाईंनी समजावलं. मग एक मुलगा जाड्याभरड्या आवाजात "आई" म्हणाला. नागोरावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दुसरी शाळा भाड्याच्या घरात होती, पुढे पत्र्याची पडवी. जेवणाची वेळ होती. आवाज तेवढा ताटवाट्यांचा, पण हात असे चालले होते की वाढणारी बाई भाजीचं भांडं घेऊन खोळंबली होती. एक मुलगी हातांनी काहीतरी रंगवून सांगत होती आणि तिच्या भोवतालच्या पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

परतीच्या मोटारीत दोघांचं वाजलं.

"पयलीच शाळा," नागोराव म्हणाला. "तेथं बोलाले शिकवतात. 'आई' म्हने तो पोट्टा. तुले नाही आयकू आलं?"

"आलं. अन् हात कुठं होते त्याचे, थे तुमी पाह्यलं का?"

"हाताचं काय घेऊन बसली?"

"जया माह्याशी हातानंच बोलते. हातच दाबून ठेवले तं दीड महिना पोरगी कोनाशी बोलन?"

यवतमाळला मोटार थांबली तेव्हा नागोराव खाली उतरून बिडी ओढून आला. मग म्हणाला, "तुह्या मनानं कर. पन उद्या पोट्टी मुकीच राह्यली तं मले बोल लावू नको."

दुसरी शाळा ठरली, पण निर्णय एकट्या सत्यभामाच्या डोक्यावर आला. आणि त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. जयाला सांगायचं कसं?

घरात मायलेकीच्या खुणा होत्या. पाणी, भाकर, बकरी, ताप, राग. 'गेली' या अर्थाची खूणही होती, तळहात दूर सारायचा. पण ती खूण शेवटची वापरली होती आजी वारली तेव्हा. आजीला उचलून नेलं आणि आजी परत आली नाही. सत्यभामानं एकदा नागपूरच्या दिशेनं बोट दाखवून तीच खूण केली, तर जया घाबरून तिच्या लुगड्याला बिलगली ती सुटेचना.

मग सत्यभामानं नवी खूण केली. हात दूर न्यायचा आणि आपल्याच छातीशी परत आणायचा. गेली, आली. पण नुसत्या खुणेवर पोरगी विश्वास कसा ठेवणार? परत येणं दाखवूनच द्यायला हवं होतं. तिनं जयाला रुक्माबाईच्या घरी नेलं, खूण केली, बाजारात चक्कर मारून परत आली. जया रडून लाल झाली होती. दुसऱ्या खेपेला सकाळी गेली, दुपारी आली. मग सकाळी जाऊन सूर्य बुडायच्या आत. दर वेळी जाताना सूर्य कुठवर खाली येईल ते बोटानं दाखवायची आणि त्याच्या आधी दारात उभी राहायची. हळूहळू जया रडेनाशी झाली. नागोराव बिडी ओढत हे पाहायचा. एकदा म्हणाला, "तुह्यापुढं मास्तर काय चीज आहे!"

विश्वास बसू लागला होता आणि तिथंच सत्यभामाचं चुकलं.

एका संध्याकाळी ती वेळेवर रुक्माबाईच्या गल्लीत आली, तर जया शेजारच्या पोरींबरोबर लंगडत घरं ओलांडत टिकरीबिल्ला खेळत होती, खुशीत. रुक्माबाई तिला कोपऱ्यावरच आडवी आली. "खेळू दे न वो. राहू दे आजची रात. तिकडं तं दीड महिना रायचं हाये. सवय व्हईन."

सत्यभामाला ते पटलं. पोरगी रमली, याचाच तिला आनंद झाला. ती तोंड न दाखवता आल्या पावली परत फिरली आणि आडवाटेनं घरी आली.

चुलीवर अजून तवाही चढला नव्हता, तोच रुक्माबाईचा शेजारी त्याच आडवाटेनं सायकल मारत आला. जया नाही. सूर्य टेकला तशी खेळ टाकून दारात उभी राहिली आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून निघाली. स्टँडवर नाही, बाजारात नाही.

सत्यभामा अनवाणीच सडकेला लागली. नागोराव मागून धावत होता. ती हाक मारत होती आणि मारता मारताच तिला कळत होतं की हिचा काय उपयोग! त्या सडकेवरून मोटारी जायच्या, कापसाचे ट्रक जायचे. पोरगी रस्त्याच्या मधून चालत असली तर?

पुलाच्या अलीकडे समोरून बैलगाडी आली. तांड्यावरचा भीमसिंग हाकत होता आणि त्याच्या शेजारी जया बसली होती.

"तुमची हाये का?" भीमसिंगनं बैल थांबवले. "मधातूनच चालली होती. मागून ट्रक भोंगा वाजवून राह्यला, पोरगी सरकतच नाही. ड्रायवर शिव्या देत खाली उतरला अन् दंड धरून बाजूले केली. मी म्हनलं, हिले आयकू येत नसन. म्हून घेतली गाडीत."

सत्यभामानं हात पुढे केले. जया गाडीतून उतरली, पण तिच्याकडे आली नाही. बापाजवळ जाऊन उभी राहिली. मग तिनं सूर्य बुडाल्याच्या बाजूला बोट दाखवलं, आईकडे दाखवलं आणि जमिनीवर पाय आपटला.

"झालं," नागोराव घरी आल्यावर म्हणाला. "कुठंच धाडाची नाही आता. मुकी तं मुकी. जित्ती राहीन."

सत्यभामा रडली नाही. म्हणाली, "चूक माही हाये. थिची नाही. कबूल केलं अन् आली नाही, म्हून थे मले धुंडाले निंगाली." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाजारात एक चक्कर, आणि परत. जया तिच्या खुणेकडे पाहीना, मान फिरवायची. तरी सत्यभामा खूण करूनच जायची आणि सूर्याच्या कितीतरी आधी यायची. मोहाचं फूल वेचणं राहिलं, मजुरी बुडाली. जयानं तिच्याकडे मान वळवली तोवर वर्ग सुरू व्हायला आठवडा उरला होता.  जायच्या सकाळी पेटी मात्र नागोरावनंच डोक्यावर घेतली.

शाळेतल्या मोठ्या बाई समजूतदार होत्या. तरी म्हणाल्या, "ती जेवायला बसली की तुम्ही हळूच निघा. सगळे तसंच करतात. समोरून गेलात तर फार आकांत होतो."

"चोरून नाही जानार, बाई," सत्यभामा म्हणाली. "मांगं एकदा गेलती तशी."

ती जयासमोर बसली. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावरची घरं एकेक करून बोटानं ओलांडली, पान उलटलं, पुन्हा घरं ओलांडली, एका घरावर बोट टेकवलं आणि खूण केली. गेली, आली. जयानं ते पान पाहिलं, आईचा हात पाहिला. आणि आईच्या मनगटाला कडकडून चावली. तिला सोडवायला दोघी बाया लागल्या. तिचा आवाज फाटकाबाहेरही ऐकू येत होता. नागोरावनं कान दाबून घेतले. सत्यभामानं ते सगळं ऐकलं.

दीड महिना कसा गेला ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही. एवढं खरं, की मोटार चुकेल या धास्तीनं ती नवऱ्याला घेऊन एक दिवस आधीच नागपुरात पोचली आणि दोघं स्टँडवर झोपली.

फाटक उघडलं तेव्हा जया अंगणात खेळत होती. तिनं आईबापाला पाहिलं. धावत आली नाही. आपला डाव पुरा केला, मग एका मुलीला हाताला धरून ओढत आणलं. सत्यभामाकडे पाहत तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोटानं तीन टिंबं दिली. ती मुलगी हसली, तिनंही तीच टिंबं दिली.

"काय म्हनते?" सत्यभामानं घाबरून विचारलं.

"तुमचं नाव आहे ते," बाई म्हणाल्या. "इथं प्रत्येकाला हाताचं नाव असतं. तुमचं तिनं पहिल्याच आठवड्यात पाडलं. तुमच्या हनुवटीवरच्या गोंदणावरून."

सत्यभामा पायरीवर बसली. तेव्हा कुठे जया तिच्या मांडीवर येऊन बसली आणि मनगटावर चाव्याचा वण आहे का ते उलटंपालटं करून पाहू लागली.

जया त्या शाळेत मोठी झाली, शिवण शिकली. बोलायला ती कधीच शिकली नाही. नागोरावच्या मनात ते शेवटपर्यंत राहिलं. जयाच्या सोयरिकीच्या वेळी तो एकदा बोलून गेलाच, "त्या पयल्या शाळेत टाकली असती तं आज 'बाबा' म्हनली असती." सत्यभामानं ओसरीकडे पाहिलं.  पाहायला आलेला मुलगाही जयाच्याच शाळेचा होता, आणि ओसरीवर तो आणि जया हातांनी इतकं भराभर बोलत होते की सत्यभामाला त्यातलं निम्मंही कळेना.