उंबऱ्यावरची घागर

प्रिय ईरा आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही दोघं त्या जुन्या सिनेमावरून भांडत होता. "आजी, नेटवर सगळ्यांना माहितीय, शेवटी ती मुलगी मेलेलीच असते," असं ईरा म्हणाली आणि हसली. मी घाईने विषय बदलला. आजीला सिनेमातलं काही कळत नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. हेच वाक्य मी आधी एकदा आपल्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, आणि ते म्हणणारी मुलगी हसत नव्हती. तिच्याबद्दल बोलताना अजून माझा आवाज कापतो, म्हणून लिहून पाठवते आहे. म्हणजे क्रमाने सांगता येईल.

आधी सिनेमा, कारण निहारने तो अर्धाच बघितला आहे. एका गावाची विहीर आटते. पाणी असतं डोंगरापलीकडच्या राणीकडे. गावकरी एका मुलीच्या हातात घागर देतात आणि तिला वाजतगाजत वेशीपर्यंत सोडायला जातात. वाटेत बोलणारे दगड, उलटी वाहणारी नदी वगैरे. राणी घागर भरून देते. पुढे ते पाणी कुठे जातं, हे दाखवलेलंच नाही. शेवटच्या दृश्यात घराच्या उंबऱ्यावर रिकामी घागर असते, पैंजण एकदाच वाजतात, आणि आत आई मान वर न करता आणखी एक ताट वाढते. मुलगी दिसत नाही. तिथे सिनेमा संपतो. ती परत आली की नाही, यावर लोक अजून वाद घालतात. तुमच्या आजोबांचं मत, शेवटच्या दिवशी नटी शूटिंगला आली नसणार.

आता नसरीन. आजोबा गेल्यावर घरात माणूस असावं म्हणून मी बरसाती भाड्याने दिली. गच्चीवरच्या एकट्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. नसरीन उदगीरची, यूपीएससीच्या तयारीसाठी आलेली. उंच, चष्मेवाली, आणि तिला साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

"आमटी करू की कढी?" असं मी विचारलं की ती ओट्याला टेकून उभी राहायची. "आजी, आमटीच्या बाजूने प्रथिनं आहेत, परंपरा आहे. पण कढीचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे." मग कढीचं म्हणणं. मग निष्कर्ष: "सध्याची थंडी पाहता कढीला भवितव्य आहे."

"अगं बाई, भूक लागलीय मला!"

"तेच म्हणायलेय मी. दोन्ही बाजू आणि शेवट आशेचा. शेवट काळा करायचा नसतो, आजी. पेपर तपासणारा दिवसभर वाचून वैतागलेला असतो. त्याला उजेडात आणून सोडायचं."

हे तिचं कायमचं वाक्य. एकदा इथली मराठी मुलं मिळून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेली. बाकीच्या मुली रडून आल्या. नसरीनने आल्या आल्या चहा पिता पिता लढाईच्या दोन्ही बाजू मांडल्या आणि म्हणाली, "पण हरल्यावरही मराठे पुन्हा दिल्लीत आलेच की. सोडलं की नाही उजेडात?"

तो सिनेमा आम्ही दोघींनी एका रविवारी टीव्हीवर बघितला. संपल्यावर तिने मला उठूच दिलं नाही. मुलगी आली, याच्या बाजूने पैंजण. नाही आली, याच्या बाजूने आई, कारण आलेल्या मुलीकडे कुठली आई बघणार नाही? "अंतिमतः," ती बोट वर करून म्हणाली, "पैंजण वाजतात, ही आशादायक बाब आहे." पण पाण्याचं काय झालं, हे तिला छळत राहिलं. पुढे कित्येक दिवस ती जिन्यावरून उतरताना ओरडायची, "आजी, घागरीला भोक असेल का?"

एकदा ती मुलाखतीपर्यंत पोचली, तेव्हा तिच्या गावात फ्लेक्स लागला. निवड झाली नाही, फ्लेक्स तसाच राहिला. "त्यावर माझं तोंड माझ्यापेक्षा मोठंय," ती मला म्हणाली. "अब्बांच्या दुकानासमोरच लावलाय. रोज शटर उघडताना ते माझंच तोंड बघतात." ती हसली, पण दुसरी बाजू तिने सांगितली नाही. माझ्या लक्षात आलं.

मग तिची शेवटची संधी. यानंतर परीक्षेला बसता येणार नव्हतं. मुख्य परीक्षा झाली आणि हळूहळू ती गप्प होत गेली. आमटी की कढी विचारलं, तर म्हणायची, "काहीही चालेल, आजी." मी वर पावलांचा आवाज ऐकत बसायची. आवाज थांबला की बेचैन, पुन्हा सुरू झाला की तरीही बेचैन.

डिसेंबरात एका दुपारी निकाल लागला. मी मेथी निवडत होते. नसरीन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"नाही झालं, आजी."

मी उठायला लागले, तशी तिने हाताने मला बसवलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"त्या सिनेमाचं मला कळलं. पोरगी आलीच नाही. ती मेलेलीच असते. घागर नदीने आणून टाकली."

मी विचारलं, "आणि दुसरी बाजू?"

"दुसरी बाजू नाही," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

बाळांनो, मी फाळणीतून आलेल्या माणसांच्या शेजारी राहिले आहे, तुमच्या आजोबांचं दुखणं काढलं आहे. पण त्या तीन शब्दांनी मला जशी भीती वाटली, तशी कधी वाटली नव्हती. गुडघ्यांमुळे मी गच्चीवर जाणं सोडूनच दिलं होतं. त्या दिवशी भिंतीला धरून, बसत, उठत वर गेले. हाका मारायलाही दम उरला नव्हता.

गच्चीवर धुकं होतं. समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. दोरीवरचे कपडे ओलेच लोंबत होते. नसरीन कठड्यावर बसली होती, पाठ रस्त्याकडे. जवळ जावं तर दचकेल, म्हणून मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले. काय बोलावं? धीराचे शब्द तिने सगळे पाठ केलेले होते.

"तुझं चुकतंय," मी म्हणाले. "नदीने आणली असती तर घागर आडवी पडली असती. ती उंबऱ्यावर उभी आहे. कोणीतरी नीट ठेवलीय."

तिने मान वर केली. "मग आई बघत का नाही?"

"तिला माहितीय, पोर रिकामी घागर घेऊन आलीय. वर बघितलं तर पोर लाजेने दारातूनच परत फिरेल. म्हणून आधी ताट वाढते."

"हे कुठे वाचलं?"

"कुठे नाही. आत्ता सुचलं." मी पुन्हा भिंत धरली. "नसरीन, मला एकटीला खाली उतरता येणार नाही गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांबा. हलू नका. ती वरची पायरी सैल आहे." आणि कठड्यावरून आतल्या बाजूला उतरली.

खाली येईपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. खाली आल्यावरही सोडलं नाही. तिला माझ्या खोलीत झोपवलं, तिच्या अब्बांना फोन केला, दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. अब्बा मिळेल त्या गाडीने आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तिने पहिला प्रश्न विचारला, "फ्लेक्स?"

"कधीच काढला. शेळ्यांच्या शेडवर टाकलाय."

"माझं तोंड?"

"आतल्या बाजूनं केलंय. शेळ्या बघतात."

ती हसली नाही, रडली. मला बरं वाटलं, कारण त्या दुपारपासून ती रडलीच नव्हती. दोन दिवसांनी बाप तिला घेऊन गेला. निघताना तिने मला मिठी मारली.

हे तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मोठे होताय, तुमच्याही परीक्षा येतील. तुमच्यापैकी कुणाचं "दुसरी बाजू" म्हणणं थांबलं, तर मला इतक्या लांबून ते ऐकू येणार नाही, याची मला फार भीती वाटते. तेव्हा मला फोन करा. दिल्लीत कितीही वाजलेले असोत.

नसरीन आता गावच्या शाळेत शिकवते. बरीच वर्षं औषधं घेतली, काही दिवस अजूनही वाईट जातात, तेव्हा ती तसं सांगते. माझं घागरीचं म्हणणं तिला पटलेलं नाही. उभी घागर कॅमेऱ्यात चांगली दिसते म्हणून तशी ठेवली, असं ती म्हणते. बरसाती मी पुन्हा कुणाला दिली नाही. वर काही आपटलं की मी हातातलं काम टाकून जिन्याकडे जाते. ते काही जात नाही.

नसरीन जिवंत आहे.

तुमची,
आजी